कूलर बंद कर, मग रेघ ओढ

प्रिय बेटा,

नियम ठरवून रेघांची चित्रं काढलेल्या तुझ्या सहाही कागदांचे फोटो पाहिले. रात्री मोबाइलवर आणि सकाळी पुन्हा मोठे करून, कारण रात्री चष्मा सापडून नव्हता राहिला. चांगलं काम आहे. पण चौथ्या कागदात तू बेईमानी केलीस बरं का. डावीकडून प्रत्येक वेळी अंतर अर्धा मिलिमीटर वाढत चाललंय, वाढत चाललंय, आणि उजवीकडे एकदम तीन रेघा जवळजवळ. तिथे रिकामं रिकामं वाटलं असेल तुला, म्हणून भरलं. अगं, डोळ्याने ठरवून चित्र काढायचं तर खुशाल काढ, तोही रस्ता आहे, आपल्या नागपुरात १९२४ ला जन्मलेले चित्रकार गायतोंडे काय पट्टी घेऊन थोडीच बसायचे. पण नियम घेतलास तर शेवटच्या रेघेपर्यंत ने, दिसायला भिकार झालं तरी.

तुझ्या आजीला विचार. १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी म्हणजे मधल्या ओळीत १५, मग वर-खाली एकेक कमी करत ८, एकूण १६९ ठिपके, आणि त्यातला एक जरी राहिला तर कोपऱ्यात गाडी अडतेच. तिथे कोणी म्हणत नाही की मला इथे बोअर झालं म्हणून दोन जास्त टाकले.

आणि नियम म्हणजे हाताला बेडी, असं पण नको समजू. सोल लेविट या अमेरिकन चित्रकाराने १९७० मध्ये भिंतीवरच्या एका चित्राचा नियम लिहिला, त्याचा मतलब एवढाच की उभ्या रेघा, सरळ नकोत, एकमेकींना लागू नयेत, भिंतभर सारख्या पसराव्यात. आता सरळ नको म्हटलं, पण किती वाकडी ते सांगितलंच नाही ना! ते काढणाऱ्याच्या हातावर सोडलं. तुझ्या नियमात तू सगळंच ठरवून टाकते, मग काढताना तुला तरी काय मजा येणार.

म्हणून आता हे कर. ए-थ्री कागद आडवा ठेव, डाव्या कडेला एक उभी रेघ पट्टीशिवाय ओढ, मग तिच्या बाजूला दोन मिलिमीटरवर दुसरी, तिसरी दुसरीकडे पाहून, पहिलीकडे पाहायचंच नाही. ४२० मिलिमीटरमध्ये दोनशेच्या वर रेघा बसतात. पहिलीत हात जरासा हलला असेल तर पन्नासाव्या रेघेपर्यंत तिथे टेकडी झालेली दिसेल, आणि ती टेकडी तू काढलेलीच नाही! मी पहिल्यांदा केलं तेव्हा ऐंशीव्या रेघेला घाबरून खोडरबर घेतला आणि कागदाची वाट लावली, तू पेननेच काढ म्हणजे तो प्रश्नच नाही.

नियम आधी मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेव, एका वाक्यात. मावला नाही तर नियम जास्त झाला.

नसरीन मोहमदींची चित्रं पाहा, जमलं तर प्रत्यक्ष, छापील फोटोत त्यांची बारीक रेघ मरते. शेवटच्या काही वर्षांत आजारामुळे शरीर साथ देत नव्हतं तरी शाई, पेन्सिल आणि ड्राफ्टिंगची साधनं घेऊन त्या काढत राहिल्या, १९९० ला अलिबागजवळच्या किहीमला वारल्या. बहुतेक चित्रांना नाव नाही, तारीख नाही. तू मात्र तारीख टाक, तुझं अजून शिकणं चालू आहे.

आणि मे महिन्यात कूलरसमोर बसून काढू नको बापा. कूलरची ओली हवा कागद पिऊन घेतो, लाटा येतात, पट्टी नीट बसत नाही, आणि कूलर बंद केला की पेनच्या टोकाशी शाई सुकते. पहाटे पाच ते साडेसात, खिडकी उघडी, हाताखाली जुना रुमाल, घामाचे डाग पडत नाहीत.

बर्डीच्या बाजारात कागद घ्यायला जाशील तर माझ्यासाठी पण चार शीट आण, २०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम) वरचा, जाड, चकचकीत नको. पैसे आल्यावर देतो.

तुझा,
काका