नवी सुरुवात दिसतच नाही, माझा विश्वास कमी पडतोय का?

प्रश्न: ताई, प्रभूच्या नावाने सलाम. गेल्या ईस्टरनंतर आमचे हे गेले. मुलगा नोकरीला पुण्यात, आणि आता चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय म्हणून पुढच्या महिन्यात खोली सोडायचीय. मंडळीत सगळे म्हणतात रडू नका, देव काहीतरी नवीन करतोय. मला तर सगळं संपल्यासारखंच वाटतं. ह्यांची हार्मोनियम पडून आहे, ती कुणाला द्यायलाही हात होत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?
— एक वाचक, भायखळा

उत्तर: अहो नाही, अजिबात नाही. मेलेल्या लाजराला आपण पुन्हा जिवंत उठवणार हे माहीत असूनही प्रभू येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला, मग तुम्हाला रडू नका म्हणणारे आपण कोण?

बायबलमधलं रूथचं पुस्तक परत काढा, पण या वेळी नामीसाठी वाचा. मवाब देशात तिचा नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, आणि बेथलेहेमला परतल्यावर ती बायकांना तोंडावर म्हणाली की मी भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणलं. एवढं बोलली तरी देव तिला रागावला असं त्या पुस्तकात कुठेच नाही. उलट त्याच अध्यायाच्या शेवटी लिहिलंय की नामी आणि तिची सून रूथ पोचल्या तेव्हा सातूची कापणी सुरू होत होती. नामीला त्यात आशाबिशा काही दिसली नसणार, पण तिथेच रूथ सरवा वेचायला गेली, शेताचा मालक बवाज भेटला, त्याच्याशी लग्न झालं, आणि पुढे मुलगा ओबेद झाला, दावीद राजाचा आजोबा. सुरुवात झालेली असते, आपल्याला ती जाणवायला वेळ लागतो, असं मला मनापासून वाटतं.

पंडिता रमाबाईंचे पती १८८२ मध्ये कॉलऱ्याने गेले तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती, आणि विधवांसाठी शारदा सदन आपल्या मुंबईत उघडलं ते १८८९ ला. मधे सात वर्षं गेली, तुम्हाला तर अजून वर्षही झालं नाही.

हार्मोनियम देऊ नका, नव्या जागेत घेऊन जा. मुंबईच्या पावसात बंद पडून राहिली तर खराब होईल, म्हणून संडे स्कूलमधल्या एखाद्या पोराला दुपारी घरी वाजवायला बोलवा. आणि खोलीची भाडेपावती अजून यजमानांच्याच नावावर असेल तर आधी तुमच्या नावावर करून घ्या, बिल्डरचं अ‍ॅग्रीमेंट हातात पडेपर्यंत चावी देऊ नका, सही करायच्या दिवशी मुलाला रजा काढून यायला सांगा.