जुन्या फियाटला जपानी इंजिन: टोकन देण्याआधी हे वाचा

दादा, तुमची १९६८ ची फियाट ११०० डी, जालन्याचं पासिंग, आरसी चालू. तिला भंगार बाजारातलं टोयोटाचं हाफ-कट इंजिन (परदेशातून अर्धी कापून आणलेल्या गाडीतलं) बसवून ते आरसीवर चढवता येईल का, असा तुमचा प्रश्न. नाही येणार. टोकन दिलं नसेल तर देऊ नका.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ यात आडवं येतं. कंपनीच्या मूळ माहितीशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. इथं इंजिन नंबर बदलणार, १०८९ सीसी बदलणार, आणि डिझेल घेतलंत तर इंधनसुद्धा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कुणी ‘जुना नंबर नव्या इंजिनाच्या ब्लॉकवर पंच करून देतो’ म्हणालं तर तिथून उठाच. तो सरळ फौजदारी गुन्हा आहे.

पण मला खरी काळजी दुसरीच आहे. तुमची गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते: आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो, नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात; नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. मग ती रोज वापरता येणार नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. मात्र अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. टोयोटा बसवलं की हा दरवाजा बंद. मराठवाड्यात अशा मूळ रूपातल्या गाड्या किती उरल्यात हो!

म्हणून आधी मूळ इंजिनच उघडा. रीबोर (झिजलेले सिलिंडर कातून मोठे करणं), त्यात बसणारे ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग (क्रँकशाफ्ट घासून गुळगुळीत करणं), हेड फेसिंग (इंजिनाच्या हेडचा पृष्ठभाग सपाट करणं) करून घ्या. नंबर तोच राहतो, आरसीला हात लागत नाही. चांगल्या लेथवाल्याकडे ही कामं आजही होतात.

ब्लॉकच फुटला असेल तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन शोधा. पूर्वपरवानगीशिवाय असं इंजिन बदलायची मुभा किमान दहा व्यावसायिक वाहनं असलेल्या मालकांसाठी आहे, तीही राज्य सरकारने दिली तर. आपल्याला आधी आरटीओत लेखी अर्जच द्यावा लागतो. बदल झाल्यावर चौदा दिवसांत कळवून आरसी नोंदीसाठी जमा करायची. इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. परदेशातून आलेलं असेल तर कस्टमच्या बिल ऑफ एंट्रीची (आयातीच्या कागदाची) प्रत मागा, कारण जुन्या सुट्या भागांची आयात परवान्याशिवाय होत नाही. विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडकतो.

अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या, आणि तपासणी होईपर्यंत जुना ब्लॉक भंगारात देऊ नका.