पिसाचे दोन वेढे पुरेत : ट्राउटच्या माशीबद्दल तुमचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मंडळी आता सुट्टीत हिमाचलला जाते आणि तिथे ट्राउटचा, म्हणजे थंड पाण्यातला हा मासा गळाने धरण्याचा, नाद लागून परत येते. मग मला प्रश्न येतात, आणि निम्मे प्रश्न सॉफ्ट हॅकलबद्दल असतात. माशी म्हणजे गळावर बांधलेला नकली किडा, आणि सॉफ्ट हॅकल म्हणजे मऊ पिसाची ओली माशी. गळावर रेशमी दोऱ्याचं बारीक अंग, नेढ्याजवळ मऊ पिसाचा वेढा, बस्स. ती तरंगत नाही, पाण्याखालून जाते. इतकी साधी गोष्ट आहे, तरी घोटाळा दरवेळी तोच.

प्रश्न : पन्नास माश्यांचा सेट ऑनलाइन मागवला. हिमाचलातल्या तीर्थन नदीवर तीन दिवस घालवले, एक मासा लागला नाही. माशी नीट बुडतही नव्हती. माझं काय चुकतंय? (निपाणी)

उत्तर : तुमचं चुकलं नाही, माशी चुकीची आहे. तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. चौदा नंबरचा गळ, त्यावर पिसाचे सहा-सात वेढे, आणि पीस कोंबड्याच्या मानेचं. ताठ, चकचकीत. ते पीस तरंगत्या माशीसाठी असतं, पाण्यावर उभं राहणं हेच त्याचं काम. ओल्या माशीला कोंबडीचं पीस लागतं, ज्याचे तंतू भिजतात, लवतात. विकणारे हे जाणतात. पण डबीत माशी गुबगुबीत दिसली की गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं, म्हणून पीस गुंडाळत सुटतात. या एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो, कारण नवा माणूस तीन दिवस पाण्यात पाय गारठवून घेतो आणि दोष स्वतःच्या हाताला देतो.

एक करून बघा. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, खिडकीपाशी धरा. सेटमधली माशी दोऱ्याला बांधून आत सोडा आणि हळूच वरखाली करा. ती दात घासायच्या ब्रशसारखी दिसेल, एकही तंतू हलणार नाही. मग गावरान कोंबडीच्या पिसाचे दोनच वेढे दिलेली माशी सोडा. वर ओढली की तंतू अंगाला चिकटतात, थांबवली की उमलतात. पुन्हा मिटतात, पुन्हा उमलतात. नदीतल्या दगडाखाली वाढलेला किडा पंख फुटायच्या वेळी तळातून वर येतो, तेव्हा त्याचे पाय असेच हलत असतात. ट्राउट त्या क्षणाची वाट बघत असतो, कारण अर्धवट वर आलेला किडा धड पोहू शकत नाही, धड उडू शकत नाही. माशीचा रंग थोडा इकडेतिकडे झाला तर चालेल, ही हालचाल गेली तर सगळं गेलं.

इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातल्या जुन्या माश्या बघा. 'पार्ट्रिज अँड ऑरेंज' ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. नारिंगी रेशीम आणि तितराचं पीस, तिसरी वस्तू नाही. रेशीम गळाच्या बाकापर्यंत नेत नाहीत, अलीकडेच थांबवतात. पिसाचे तंतू गळाच्या बाकापर्यंत किंवा जेमतेम त्यापुढे पोचावेत. रेशीम भिजलं की बरंच गडद होतं, तेव्हा रंग कोरड्यावर ठरवू नका, आधी ओला करून बघा.

तुमच्या पन्नास माश्या फेकू नका. पीस ब्लेडने काढा, गळ परत वापरा. नुसती तंतूंची टोकं छाटून भागत नाही, बोथट तंतू तसे हलत नाहीत. आणि नवीन काही विकत घेण्याआधी माश्या बांधणाऱ्या एखाद्या माणसाशेजारी दुपारभर बसा. व्हिडिओत वेढे दिसतात, बोटांचा दाब दिसत नाही.

प्रश्न : शेततळ्यात ट्राउट सोडायचा आहे. एक जण बीज देतो म्हणतो, आपल्याकडेही जगतं म्हणतो. (चिक्कोडी)

उत्तर : त्याला एक रुपयाही देऊ नका. ट्राउट 10 ते 16 अंशांच्या पाण्यात सुखी असतो. 20 च्या वर पाणी गेलं की खाणं सोडू लागतो, 25 च्या आसपास मरतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो, आणि माशाला नेमका तेव्हाच जास्त लागतो. चैत्र-वैशाखात तुमच्या तळ्यात हात घालून बघा, उत्तर मिळेल. हा मासा मुळात आपल्या देशाचा नाही. काश्मीरमध्ये 1900 साली स्कॉटलंडहून अंडी आणून तो वाढवला. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या उंचावर टिकला, तो तिथल्या गारव्यामुळे. बेळगाव जेमतेम साडेसातशे मीटरवर आहे आणि चिक्कोडी त्याहून खाली. रोहू, कटला काय जमेल ते तालुक्याच्या मत्स्य खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा. तळं खणण्याआधी विचारलंत तर आणखी बरं.

प्रश्न : उत्तराखंडात स्नो ट्राउट पकडला. तोही ट्राउटच ना? (हल्याळ)

उत्तर : नाही. तो कार्पच्या घराण्यातला, आपल्या महसीरचा लांबचा भाऊबंद.

प्रश्न : सर, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. काश्मीरला असताना लोकांना मासे धरताना बघायचो, आता स्वतः शिकायचं आहे. रॉड कुठला घ्यावा? (बेळगाव)

उत्तर : सुभेदारसाहेब, नऊ फुटी, पाच नंबरचा (हा नंबर लाइनच्या वजनाचा), आणि त्याच नंबरची तरंगती लाइन, म्हणजे रॉडवरची जाड दोरी. खांदा किंवा मनगट दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि कुणाचा तरी रॉड तासभर हातात धरून बघा.

प्रश्न : काकांच्या गावाकडे फासात तितर सापडतात. त्यांची पिसं आणली तर खरी पार्ट्रिज माशी होईल ना? आणि भीमगडच्या जंगलातल्या ओढ्यात ती वापरून बघता येईल का? (खानापूर)

उत्तर : दोन्हीला नाही. तितराला फास लावणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. काकांना आजच सांगा. भीमगड अभयारण्य आहे, तिथे गळ टाकायचा नाही. शंका असेल तर वन खात्याच्या कचेरीत विचारा, मित्राला नको.

पिसासाठी रान धुंडाळायची गरजच नाही. ठिपक्यांची गावरान तलंग कुणाच्या परड्यात नाही? घरात कोंबडी कापली की पाठीची आणि मानेची पिसं वेगळी काढा, साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, घट्ट पिशवीत आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा म्हणजे कीड मरते. माझ्या निम्म्या माश्या अशाच पिसांच्या आहेत.

प्रश्न : ओढ जाणवते, मी लगेच हिसका देतो, मासा सुटतो. दहातले आठ सुटतात. (संकेश्वर)

उत्तर : तुम्ही मार्कंडेय, हिरण्यकेशी या आपल्या नद्यांवर बूच लावून गळ टाकत मोठे झालात. बूच बुडालं की हिसका, ही सवय हाडात बसली आहे. इथे ती सोडायची. माशी प्रवाहाला आडवी आणि थोडी खालच्या अंगाला टाका, लाइन ताणलेली ठेवा, पाणी तिला फिरवत काठाकडे आणेल. मासा बहुतेक त्या फेऱ्याच्या शेवटी घेतो आणि वळताना स्वतःच गळात अडकतो. हिसका दिलात की तोंडातून काढून घेता. रीळ आणि बोटाच्या मध्ये वीतभर लाइन सैल लोंबत ठेवा. ओढ आली की ती जाऊ द्या, मग रॉड सावकाश उचला. पाण्यात उतरायच्या आधी मात्र तिथल्या गाइडला प्रवाहाबद्दल विचारा. वर बर्फ वितळलं की दुपारनंतर पाणी वाढतं.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरमध्ये तीर्थनला जायचं ठरलंय. तिकिटं काढली. परवाना तिथे गेल्यावर मिळेल ना? (बेळगाव)

उत्तर : मिळणार नाही. हिमाचलात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते. मासा तेव्हा अंडी घालतो. हा प्रश्न दरवर्षी तिकिटं काढून झाल्यावरच येतो. आधी हिमाचलच्या मत्स्य विभागाला विचारा, मग तिकीट काढा. डोंगर बघायला जरूर जा, रॉड घरी ठेवा.

प्रश्न : दादा, मुलगा गच्चीवर रॉड फिरवायचा सराव करत होता, गळ कानाच्या पाळीत रुतला. शेजारचे म्हणाले ओढून काढा. आम्ही दवाखान्यात नेलं. बरोबर केलं ना? (शहापूर)

उत्तर : ताई, अगदी बरोबर केलंत. गळाला उलटा काटा असतो, मागे ओढला की मांस फाटतं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं नसेल तर आजच डॉक्टरांना विचारा. कधी डोळ्याजवळ रुतला तर गळाला हातही लावायचा नाही, दोरा कापायचा आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे. मुलाला सराव बंद करायला सांगू नका. लाइनच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा लाल तुकडा बांधून द्या, आणि डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय रॉड हातात देऊ नका.