खेळ सुटल्यावर मी कोण?

"खेळ थांबला की माझं काय उरणार?" निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे खेळाडू मला हे इतक्यांदा विचारतात, की एका रग्बीपटूचा अनुभव सांगावासा वाटतो. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

तो स्क्रम-हाफ होता, म्हणजे घोळक्यातून बॉल उचलून तो पुढे खेळवणारा. खांद्याच्या दुखापतीने खेळ संपला, क्लबने सहायक प्रशिक्षक केलं. पण ऐंशी मिनिटं स्टँडमध्ये बसणं त्याला सहन होईना. सरावात तो नव्या स्क्रम-हाफवर सतत भडकायचा.

"इतकं साधं त्याला दिसत कसं नाही?"

"तुम्हाला काय दिसायचं?"

"सांगता नाही येणार. आपोआप व्हायचं."

"जे तुम्हाला सांगता येत नाही, ते त्याला कळायलाच हवं, हा हट्ट कशासाठी?"

तो बराच वेळ गप्प होता. मी घाई केली नाही. परिस्थितीपेक्षा तिच्याबद्दलचा हट्ट माणसाला जास्त छळतो, असं मी मानते. आणि आपला हट्ट आपल्याला दिसायला वेळ लागतो. मग तो सावकाश बोलू लागला. "बॉल उचलण्याआधी मी समोरचा विंगर, म्हणजे कडेचा खेळाडू, बघायचो. तो मागे सरकलेला असला तर बॉल बाहेर, कारण कडेला माणूस कमी. वर आलेला असला तर त्याच्या मागे किक." इतक्या वर्षांत हे त्याने प्रथमच शब्दांत मांडलं होतं. माझ्यासमोर आता प्रशिक्षक बसला होता. हे त्याच्याआधी मला जाणवलं, याचं समाधान आजही आहे.

उत्तम खेळणं आणि शिकवणं ही वेगळी कौशल्यं आहेत. मार्टिन जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडने 2003चा विश्वचषक जिंकला. 2008मध्ये ते प्रशिक्षणाच्या अनुभवाविना संघाचे मॅनेजर झाले आणि 2011च्या विश्वचषकानंतर पायउतार झाले. याउलट, वॉरन गॅटलंड यांच्याच जागी शॉन फिट्झपॅट्रिक खेळत असल्याने गॅटलंड यांना न्यूझीलंडकडून एकही टेस्ट, म्हणजे अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना, मिळाली नाही. प्रशिक्षक म्हणून मात्र त्यांनी वेल्सला तीन ग्रँड स्लॅम, म्हणजे सहा देशांच्या स्पर्धेतले सगळे सामने जिंकण्याचा मान, मिळवून दिले.

म्हणून खेळत असतानाच लहान मुलांच्या संघाला शिकवायला लागा. मैदानात आपण काय बघतो, ते लिहून काढा. खेळ सुटल्याचं दुःख दाबू नका. आणि व्यवस्थापनात जाणार असाल, तर कालच्या सोबत्याला संघातून वगळण्याची वेळ येणारच, हे धरून चाला.

माझ्या रग्बीपटूवर ती वेळ लवकरच आली.

"मैत्री तुटली तर?"

"वाईट वाटेल. पण ते सोसवणारच नाही, हे कशावरून?"

यादी लागण्याआधी त्याने मित्राला गाठून स्वतः सांगितलं. मित्र काही आठवडे बोलला नाही. याने ते सोसलं.