छोट्या ओव्हल ट्रॅकवर गाड्या नुसत्या गोल गोल फिरतात, त्यात बघण्यासारखं काय?

मलाही आधी असंच वाटायचं. पण व्हर्जिनियातला मार्टिन्सव्हिल बघा, नॅस्कारचा, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगचा, पेपरक्लिपच्या आकाराचा ट्रॅक, एक फेरी जेमतेम अर्ध्या मैलाची आणि वळणं इतकी चिंचोळी की दर फेरीला दोनदा जोरात ब्रेक मारावाच लागतो, ब्रेक डिस्क लालभडक झालेल्या दिसतात, आणि जागाच नाही म्हटल्यावर पुढच्याला मागून ढुशी देऊन सरकवायचं, हे तर चालूच. जिंकलात तर ट्रॉफी म्हणून लंबकाचं उंच घड्याळ!

२०२२ च्या ऑक्टोबरमधल्या रेसचा व्हिडिओ शोधाच. शेवटच्या फेरीत रॉस चॅस्टेनने ब्रेक न मारता गाडी सरळ भिंतीला घासत पळवली, पाच गाड्या मागे टाकल्या नि सीझनच्या विजेतेपदाची फायनल गाठली. म्हणे लहानपणी व्हिडिओ गेममध्ये असंच करायचा. पुढच्या सीझनला नॅस्कारने ते बंदच केलं.