टर्फची विकेट टाकताय? आधी काळी माती काढा

प्रश्न : नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या शाळेमागे ४० बाय ८ मीटर जागा आहे. जमीन काळी आहे. टर्फवाला म्हणतो, वरून मुरूम टाकून रोलर फिरवला की टर्फ (कृत्रिम गवत) अंथरता येते. दोन नेट बसतील का? आणि तो म्हणतो ते बरोबर आहे का?

उत्तर : नेट दोन आरामात बसतात. एका लेनला ३.६ मीटर रुंदी धरा, दोन लेनचे ७.२ मीटर होतात. लांबीत स्टम्पमागे अडीच मीटर आणि मग २०.१२ मीटरची विकेट. रनअपला १७ मीटर उरतात, शाळेतल्या फास्ट बोलरला ते पुरे. जागेची लांबी उत्तर-दक्षिण नसेल तर मात्र पुन्हा विचार करा; सकाळ-संध्याकाळच्या सरावात ऊन थेट फलंदाजाच्या डोळ्यांत जाते.

टर्फवाल्याचे मात्र ऐकू नका. खऱ्या विकेटला काळी माती लाडकी, टर्फच्या पायाला तीच वैरी. मे महिन्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, जुलैत ती फुगते. पाणी आधी काठाने मुरते म्हणून काठ उचलला जातो, मधला भाग तसाच राहतो. वरच्या पातळ मुरमाने हे थांबत नाही.

विकेटखालचा ७.८ बाय २४ मीटरचा पट्टा अर्धा मीटर खोदून माती बाहेर काढा. १५-१५ सेंमीच्या तीन थरांत मुरूम भरा. प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा आणि मगच पुढचा थर टाका. दाबलेला भराव ३० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) होतो, म्हणून सुटा मुरूम ३७-३८ ब्रास मागवा. टिपर रिकामा होण्याआधी मूठभर मुरूम ओला करून हातावर वळा. वळी वळली तर त्यात माती जास्त आहे, टिपर परत पाठवा.

त्यावर १० सेंमी एम-२० मजबुतीचे कॉन्क्रीट. ७.२ बाय २४ मीटरला सव्वासतरा घनमीटर, म्हणजे सुमारे १४० पोती सिमेंट. विकेट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ५ सेंमी वर राहील, तेच हवे. मधल्या रेषेपासून दोन्ही काठांकडे शंभरास एक उतार ठेवा, म्हणजे काठाला ३.६ सेंमी, आणि काठालगत नाली काढा. नाली नसेल तर खोदाईचा पैसाही वाया गेला समजा. तडे वाटेल तिथे जाऊ नयेत म्हणून कॉन्क्रीटला दर ४ मीटरवर अडीच ते तीन सेंमी खोल कट मारा, पण फलंदाजाच्या स्टम्पपासून ५ ते ८ मीटरच्या पट्ट्यात एकही कट नको. चेंडू सर्वाधिक तिथेच पडतो. ३ मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी ठेवून पाहा. खाली ४ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर तिथे चेंडू खाली राहील किंवा उसळेल.

पीपीसी (राख मिसळलेले) सिमेंट असेल तर कॉन्क्रीटवर किमान १० दिवस बारदान ओले ठेवा. टर्फ चिकटवायचा गोंद २८ दिवसांनंतरच. त्याआधी मीटरभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आत थेंब दिसले तर कॉन्क्रीट अजून ओले आहे, गोंद धरणार नाही.

प्रश्न : फुटबॉलच्या टर्फचे उरलेले रोल स्वस्तात मिळतात. ते चालतील का? कॉन्क्रीटवर चेंडू फार उसळतो असेही ऐकले.

उत्तर : नाही. फुटबॉलच्या टर्फची लव (गवताच्या पात्यांची उंची) ४०-५० मिमी असते, चेंडू तिच्यात मरतो आणि कुठेही वळतो. क्रिकेटला १० ते १२ मिमीची दाट लव घ्या. उसळीचे म्हणणे खरे आहे. चौदा वर्षांखालची मुले खेळणार असतील तर खाली ८ ते १० मिमीचा पॅड घाला, तो वगळून पैसे वाचवू नका.

प्रश्न : मागच्या मे महिन्यात टर्फ टाकली. डिसेंबरमध्ये जोड एकेक सेंटीमीटर उघडले. गोंद भरून घेऊ का?

उत्तर : गोंद भरलात तर तिथे कडक रेघ तयार होईल आणि चेंडू तिच्यावर पडून उडेल. मूळ चूक दिवसाची आहे. नागपूरच्या मेमधल्या दुपारी पसरलेली टर्फ कापून चिकटवली, थंडीत ती आखडली. जोडाच्या दोन्ही बाजू १५-१५ सेंमी सोडवा, खाली ३० सेंमी रुंद सीम टेप (जोडपट्टी) घाला आणि त्याच रोलची पट्टी बसवा. म्हणूनच नवे काम नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत करावे, रोल उलगडून काही तास मोकळा ठेवावा आणि मगच कापावा. ४ मीटर रुंदीचा रोल घेतला तर लेनमध्ये जोडच येत नाही. दोन लेनमधला जोड मधल्या जाळीखाली जातो. दोन्हीकडे लव एकाच दिशेला ठेवा. रोलचे ४-५ मीटर बाजूला ठेवून द्या: सगळ्यात आधी फलंदाजाच्या क्रीजची जागा झिजते, तेवढाच तुकडा कापून बदलता येतो. लोखंडी स्पाइक्सना मात्र गेटवरच थांबवा.