चोवीस शब्द ठेवायचे कुठे? हार्डवेअर वॉलेटबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (नेरूळ): भाच्याने ऑनलाइन बाजारातून निम्म्या किमतीत हार्डवेअर वॉलेट, म्हणजे क्रिप्टोच्या किल्ल्या सांभाळणारं छोटं यंत्र, आणून दिलं. खोकं सीलबंद होतं. आत एक कार्ड आहे. ते खरवडलं की २४ शब्द दिसतात. ‘हेच तुमचे रिकव्हरी शब्द’ असं सोबतच्या पत्रकात म्हटलंय. वापरायला सुरुवात करू का?

उत्तर: कृपया करू नका. एक रुपयाचंही क्रिप्टो त्यावर पाठवू नका. ते शब्द ज्याने छापले त्याच्याकडेही आहेत, आणि तुम्ही पैसे भरायची तो वाट पाहतोय.

तुमचं बिटकॉइन या यंत्रात नसतंच. ते ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामायिक नोंदवहीत असतं. यंत्रात असते ती ते खर्च करण्याची खासगी किल्ली, आणि ही किल्ली त्या शब्दांतूनच तयार होते. म्हणून शब्द ज्याच्या हाती, पैसे त्याचे. यंत्र कुणाकडे आहे याला महत्त्व नाही. खरं यंत्र पहिल्यांदा सुरू केल्यावर २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून तुमचे शब्द स्वतः निवडतं आणि स्वतःच्याच पडद्यावर दाखवतं. कागद कोरा येतो, लिहायचं तुम्ही.

रीसेट करून हेच वापरता येईल का, असं मनात येईल. माझं उत्तर तरीही नाही. आत काही फेरफार केलाय का, हे तुम्हाला वा मला घरबसल्या ओळखता येणार नाही. यंत्र लेजर कंपनीचं असो वा ट्रेझरचं, कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा तिथे नाव दिलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. वॉलेटचं ॲप घेतानाही संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा. शोधताना सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका.

प्रश्न (नौपाडा): शब्द कागदावर लिहिलेत, पण आमचं घर तळमजल्यावर आहे आणि पावसाळ्यात ओल येते. मुलगा म्हणतो फोटो काढून ठेवा. मला वाटतं, जांभळी नाक्याला भांड्यांवर नाव घालून देतात, तिथून स्टीलच्या पट्टीवर कोरून घ्यावेत.

उत्तर: स्टीलची कल्पना उत्तम आहे, फक्त कोरायचं काम दुसऱ्याच्या हाती देऊ नका. दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी शब्द त्याच्या डोळ्यांखालून जातात. हार्डवेअरच्या दुकानात इंग्रजी अक्षरांचे पंच मिळतात, हातोडीने ठोकायचे. ते आणि एक जाड पट्टी घेऊन घरीच बसा. शब्दांना क्रमांक घालायला विसरू नका, क्रम चुकला तर शब्दांचा उपयोग नाही. पूर्ण शब्द ठोकायची गरज नाही: त्या यादीत कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नसतात, त्यामुळे चार अक्षरं पुरतात.

फोटो मात्र नको. मोबाइलमधला फोटो बहुतेकदा आपोआप क्लाउडवर जातो, आणि तिथला पासवर्ड फुटला की सगळं गेलं. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणं, ईमेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवणं, झेरॉक्स काढणं, हेही त्यातच आलं. एक प्रत घरात आणि दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये असावी. निम्मे शब्द इथे, निम्मे तिथे असं काहीजण करतात. मला ते पटत नाही, कारण एक तुकडा हरवला की दुसऱ्याचा उपयोग उरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे जवळजवळ कुणीच करत नाही. मोठी रक्कम भरण्याआधी थोडंसं क्रिप्टो पाठवा, यंत्र मुद्दाम पुसून टाका आणि तुमच्या त्या पट्टीवरून ते परत उभं करा. तीच शिल्लक दिसली तर पट्टी बरोबर आहे. एखादा शब्द चुकीचा ठोकला असेल तर तो आजच कळू द्या.

प्रश्न (खारघर): २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजमधून, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारातून, सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेल्यापासून एक्स्चेंजवर ठेवायची भीती वाटते. स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवलं तर ३० टक्के कर लागेल का?

उत्तर: नाही. स्वतःच्याच वॉलेटमध्ये नेणं म्हणजे विक्री नव्हे, त्यामुळे ३० टक्के कर किंवा १ टक्का टीडीएस लागत नाही. खरेदीची तारीख आणि किंमत दाखवणारी विवरणं मात्र उतरवून ठेवा, पुढे विकाल तेव्हा सीए तीच मागणार.

पाठवताना यंत्राच्या पडद्यावर दिसणारा वॉलेटचा पत्ता संगणकावरच्या पत्त्याशी पूर्ण जुळवा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात. जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलू नका. सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं तुमच्या पत्त्यासारखीच असलेला पत्ता बनवून, त्यावरून किरकोळ रक्कम पाठवून भामटे त्या यादीत शिरतात. यूएसडीटी (डॉलरच्या किमतीशी बांधलेलं क्रिप्टो) असेल तर ते वेगवेगळ्या ब्लॉकचेनवरून पाठवता येतं, म्हणून एक्स्चेंजवर निवडलेलं नेटवर्क आणि वॉलेटमधलं नेटवर्क एकच आहे ना, ते बघा. पहिल्यांदा थोडंच पाठवा. गेलेलं परत मागवता येत नाही. आणि काही एक्स्चेंज क्रिप्टो बाहेर नेऊच देत नाहीत, हे आधी तपासा.

प्रश्न (घोडबंदर रोड): वॉलेट कंपनीच्या नावाने पत्र आलं, माझं नाव-पत्ता बरोबर होता. त्यातला क्यूआर कोड स्कॅन करून मी शब्द भरले. काल रात्रीची गोष्ट. पिन बदलला आहे.

उत्तर: पिन बदलून काहीही होणार नाही; पिन फक्त तुमच्या हातातल्या यंत्राचं कुलूप आहे. हे वाचताक्षणी उठा. यंत्र रीसेट करून नवे शब्द तयार करा, कागदावर लिहा. मग जुने शब्द दुसऱ्या वॉलेटमध्ये, अगदी मोबाइलवरच्या का असेना, टाकून सगळी शिल्लक नव्या पत्त्यावर पाठवा. ते शब्द आता फुटलेलेच आहेत, इथे वेग महत्त्वाचा. काही गेलं असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून व्यवहाराचा क्रमांक द्या.

तुमचा पत्ता त्यांना कळणं अवघड नाही. २०२० मध्ये लेजरच्या सुमारे २ लाख ७० हजार ग्राहकांची नावं, पत्ते आणि फोन क्रमांक उघड झाले, आणि पुढच्या वर्षी काहींच्या घरी पोस्टाने बनावट यंत्रंसुद्धा आली. कुठलीही कंपनी पत्रातून, फोनवर किंवा संकेतस्थळावर तुमचे शब्द मागत नाही.

प्रश्न (वाशी): माझं वय ६८. माझ्या पश्चात बायकोला हे कसं मिळणार?

उत्तर: एफडीसारखं नॉमिनी इथे नसतं, त्यामुळे व्यवस्था तुम्हालाच करावी लागेल. मृत्युपत्रात शब्द लिहू नका; ते वकील, साक्षीदार, कोर्ट अशा अनेकांच्या हातांतून जातं. लॉकर दोघांच्या नावावर करा आणि पट्टी त्यात ठेवा. घरी एक साधं मराठी पत्र लिहून ठेवा: कुठलं यंत्र आहे, पट्टी कुठे आहे, घरातल्या कुणाची मदत घ्यायची, आणि टेलिग्रामवर ‘मदत’ करणाऱ्यांना काहीही सांगायचं नाही. त्यात शब्द नकोत. मग एखाद्या रविवारी वहिनींना शेजारी बसवून, थोडी रक्कम ठेवलेलं यंत्र पट्टीवरून त्यांच्याच हाताने परत सुरू करून घ्या. पंचविसावा शब्द, म्हणजे चोवीस शब्दांवर तुम्ही स्वतः जोडलेला जादा पासवर्ड (पासफ्रेज), लावला असेल तर तो पट्टीवर नसतो. त्याचीही वेगळी नोंद त्यांना सापडेल अशी ठेवा.